पायरीच्या आधीची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही. अगदी माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीलाही ती पाठ आहे, जिला 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती हे अजूनही मनात मोजावं लागतं! आजी म्हणते, बाबा म्हणतात, मेसमधले मामा म्हणतात. सिनेमातल्या 'तारीख पे तारीख'ने त्यावर शिक्कामोर्तब केलंय.

म्हण चांगलीच आहे, पण माझ्या मते ती अर्धीच आहे. पायरी चढू नये, ठीक. मग करावं काय? कुणी आपले पैसे बुडवले, डिपॉझिट दाबून ठेवलं, चेक दिला आणि तो परत आला, तर काय करायचं? आपल्याकडे याची दोनच उत्तरं तयार असतात. एक, "जाऊ दे ना यार." दोन, "थांब, बघून घेतो तुला." पहिल्या उत्तरात आपण गप्प बसतो. दुसऱ्यात रात्री तीन बाइकवर नऊ जण निघतात आणि सकाळी रेक्टर सरांच्या केबिनबाहेर उभे असतात.

या दोन उत्तरांच्या मधे एक तिसरं उत्तर आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना येतं. ते म्हणजे लेखी नोटीस देणं आणि आलेल्या नोटिशीला लेखी उत्तर देणं. कोर्टाच्या पायरीच्या आधीची ही पायरी. ती प्रत्येक विद्यार्थ्याला चढता आली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. का, ते सांगते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या अंकात उत्तर लिहा. नोटिशीला उत्तर देण्याची सुरुवात तिथूनच होऊ दे!

मित्रांनो, 'नोटीस' हा शब्द आपल्याला काही नवा नाही. हॉस्टेलच्या बोर्डावर रोज एक लागते. "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की..." आणि खाली अशी एक सही, जी कुणाची आहे हे ओळखणाऱ्याला कँटीनमध्ये फुकट चहा मिळावा. पण ही नोटीस म्हणजे हुकूम असतो. गीझर सहाला बंद म्हणजे बंद, त्यात चर्चा नाही. वकिलाची नोटीस आली की आपण तिलाही तसंच समजतो. घरात रडारड सुरू होते. "केस झाली," "आता पोलीस येणार," "कोर्टाचा कागद आलाय."

खरं तर नोटीस हा कोर्टाचा कागद नव्हेच. ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला लिहिलेलं पत्र असतं. माझी तक्रार अशी आहे, मला हे हवं आहे, इतक्या दिवसांत द्या, नाहीतर मी कोर्टात जाईन. एवढंच. त्यातला 'नाहीतर' महत्त्वाचा आहे, पण त्याच्या आधीचं 'इतक्या दिवसांत' त्याहून महत्त्वाचं आहे. ते दिवस तुमचे असतात. हिशोब तपासायला, कागद शोधायला, बोलायला. समन्स मात्र वेगळं. ते कोर्टाकडून येतं, त्यावर कोर्टाचं नाव असतं, केस नंबर असतो, तारीख असते आणि त्या तारखेला हजर राहावं लागतं. शंका आलीच तर केसचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघता येतं. केस खरोखर दाखल आहे की नाही ते तिथे कळतं.

हा फरक कळणं आज फार गरजेचं झालंय, कारण हल्ली नोटीस पोस्टमनपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त येते. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स आहेत ना, त्यांचे वसुलीवाले पीडीएफ पाठवतात. वर तराजूचं चित्र, लाल अक्षरात 'अंतिम इशारा', आणि खाली 'चोवीस तासांत अटक'. आमच्या मजल्यावर एका मुलीला अशी पीडीएफ आली, तर ती दोन दिवस जेवली नाही. त्या कागदावर ना वकिलाचा पत्ता होता, ना कर्जाचा हिशोब. कर्ज घेतलं असेल तर फेडलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण अटक करायचा अधिकार कुठल्याही वकिलाच्या पत्राला नसतो, हे माहीत असतं तर ते दोन दिवसांचं जेवण वाचलं असतं.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. (व्हायवाला विचारणार नाहीत, तरी वाचा!) प्रत्येक भांडणात नोटीस द्यायलाच हवी असं नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायची तर नोटीस सक्तीची नाही, जरी आधी एक पत्र पाठवलेलं केव्हाही चांगलं. पण काही ठिकाणी नोटिशीशिवाय दारच उघडत नाही. चेक न वटण्याचं प्रकरण घ्या. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. बँकेने चेक परत आल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करायची. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. आमच्या वर्गातल्या एकाच्या वडिलांचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाचा चेक परत आला. "जुना माणूस आहे, देईल," म्हणून ते थांबले. जुना माणूस रोज 'उद्या' म्हणत राहिला आणि ३० दिवस कधी उलटले कळलंही नाही. सबमिशनची डेडलाइन एचओडींच्या पाया पडून वाढते, ही आपली समजूत इथे चालत नाही.

भाडेकरूने भाडं थकवलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाला आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, मगच घर खाली करून मागण्याचा दावा. महानगरपालिकेविरुद्ध दावा असेल तर एक महिना आधी नोटीस. सरकारविरुद्ध असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने. आपण कोर्टांना शिव्या घालतो, पण बघा, कायदा स्वतःच सांगतोय की आधी बोला, वेळ द्या, मग या.

आणि नेमकं बोला. ड्रॉइंगवर डायमेन्शन न लिहिता 'अंदाजे एवढं' लिहिलं तर शीट परत येतं की नाही? तसंच. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. चेक १ कोटीचा आणि नोटिशीत मागणी २ कोटींची. टायपिंगची चूक आहे हे कारण चाललं नाही. चेकची रक्कम आणि मागणीची रक्कम जुळलीच पाहिजे म्हणून नोटीस अवैध ठरली. एका आकड्यावर कोटीचं प्रकरण गेलं! युनिट्स न लिहिल्याबद्दल अर्धा मार्क कापणाऱ्या सरांचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला.

आता उत्तर देण्याबद्दल. हा भाग मी घरात पाहिलाय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. काकांनी पॉवर टिलरसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. सकाळी पोस्टमन जाडं पाकीट घेऊन दारात. आजीने आतूनच ओरडून सांगितलं, "घेऊ नको ते. सही केलीस की अडकलास!" काका हात मागे घेऊन उभे. शेवटी पोस्टमनकाकाच म्हणाले, "आजी, नाही घेतलं तर मी तसा शेरा मारून परत पाठवणार. त्याने काय फरक पडतो?" अगदी बरोबर बोलले ते. योग्य पत्त्यावर पैसे भरून पोस्टाने पाठवलेलं पाकीट नाकारलं तरी ते पोहोचलं असंच कायदा गृहीत धरतो. साधारण वाक्यखंड अधिनियम १८९७, कलम २७. इंग्रजांच्या काळापासून आज्या ओरडतायत आणि तेव्हापासून कायदा ऐकत नाहीये. (ता.क. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. पाकीट मात्र तेवढंच जड वाटतं!)

पाकीट उघडलं. चार पानं, सगळी इंग्रजीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉन्व्हेंटच्या फीचा हिशोब त्या दिवशी चुकता होणार होता! मी वाचायला घेतलं. 'माझ्या अशिलाच्या सूचनेवरून'पर्यंत ठीक होतं, मग एक वाक्य सुरू झालं ते नऊ ओळींनी संपलं. शेक्सपिअर शिकवणाऱ्या आमच्या सिस्टरलाही त्यात कर्ता सापडला नसता. शेवटी आम्ही फक्त आकडे वेगळे काढले. मागणी होती ८७,४०० रुपये, १५ दिवसांत. काकांनी पत्र्याच्या पेटीतून पावत्या काढल्या. ६,२०० रुपयांचे तीन हप्ते भरलेले होते आणि ते नोटिशीत धरलेलेच नव्हते. म्हणजे १८,६०० रुपयांचा फरक.

आजीच्या सल्ल्याने गेलो असतो तर? पाकीट परत, उत्तर नाही, आणि उद्या कोर्टात ८७,४०० हाच आकडा पहिला बोलला असता. गप्प बसणं हा काही गुन्हा नाही, पण "तेव्हा का बोलला नाहीत?" हा प्रश्न मग कायमचा मागे लागतो. काका तालुक्याला वकिलांकडे गेले. वकिलांनी दीड पानाचं उत्तर मराठीत लिहिलं. कर्ज मान्य, थकबाकी मान्य, आकडा अमान्य, सोबत तीन पावत्यांच्या झेरॉक्स. शिवी नाही, धमकी नाही. महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं, तीन हप्ते जमा धरले होते. उरलेलं सोयाबीन विकल्यावर फेडायचं ठरलं. प्रकरण पोस्टाच्या पेटीतच मिटलं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. ज्या घरात एकच माणूस इंग्रजी वाचतो आणि तोही हॉस्टेलला राहतो, त्या घरी इंग्रजीत नोटीस पाठवण्याचा अर्थ काय? महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. मग कोर्टात मराठी चालते आणि कोर्टाच्या आधीच्या पत्रात इंग्रजीच का? नोटीस म्हणजे कळवणं. ज्याला ती कळतच नाही त्याला काय कळवलं? कर्जाचा फॉर्म भरून घेताना कंपनीचा माणूस किती गोड मराठी बोलतो! वसुलीचं मराठी तेवढं गोड नसलं तरी चालेल, पण मराठी असावं. मी स्वतः इंग्रजी माध्यमातली असून हे म्हणते, कारण त्या दिवशी इंग्रजी कळणारी व्यक्ती घरात होती हा निव्वळ दिवाळीचा योगायोग होता. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांचे १५ दिवस कुठे गेले असतील?

माझी रूममेट म्हणते, "हे सगळं मोठ्यांचं. आपला काय संबंध?" आहे ना संबंध! गेल्या वर्षी पास आउट झालेल्या चार सीनियर्सची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फ्लॅट सोडला, मालकांकडे ६०,००० रुपये डिपॉझिट. तीन महिने फोन, मग फोन उचलणं बंद. दोघांचं मत, जाऊ दे. दोघांचं मत, चला बघून घेऊ. शेवटी त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं, वकिलाशिवाय. (असल्या पत्राला वकीलच हवा असा नियम नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.) करार अमुक तारखेचा, चावी अमुक तारखेला दिली, तेव्हाचे फोटो सोबत, डिपॉझिट ६०,०००, १५ दिवसांत द्यावं ही विनंती, अन्यथा कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल. खाली चौघांच्या सह्या.

तीन महिने फोन न उचलणाऱ्या मालकांनी आठ दिवसांत उत्तर दिलं, तेही मुद्देसूद. लाइट बिल १,९०० बाकी, गीझर मोडला ४,५००, रंगकाम १२,०००. आता गंमत बघा. तोपर्यंत चौघं म्हणत होते, "मालक चोर आहे." मालक म्हणत होते, "पोरं वांड आहेत." पत्र आणि उत्तर झाल्यावर कळलं की भांडण मुळात ६०,००० चं नव्हतंच, १८,४०० चं होतं. त्यातलं लाइट बिल खरंच भरलेलं नव्हतं आणि गीझर खरंच मोडला होता. वाद उरला फक्त रंगाचा. तो निम्म्यावर मिटला आणि ४७,६०० रुपये परत मिळाले. समोरासमोर झालं असतं तर आवाज मोठा कुणाचा यावर ठरलं असतं. माझ्या मते नोटिशीचा खरा उपयोग हाच. ती भांडण वाढवत नाही, मोजून देते.

पण मोजायची तयारी दोन्हीकडून हवी, आणि इथे सगळ्यात मोठा नापास विद्यार्थी म्हणजे आपलं सरकार! कलम ८० चे दोन महिने कशासाठी? सरकारने विचार करावा, चूक असेल तर दुरुस्त करावी, लोकांच्या पैशाने उगाच केस लढू नये यासाठी. होतं काय? नोटीस फाइलला लागते, बस्स. कायदा आयोगाने तर हे कलमच काढून टाकावं अशी शिफारस केली होती. संसदेने ते ठेवलं आणि १९७६ मध्ये एवढीच सोय केली की फार तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने दोन महिने न थांबता दावा लावता येईल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बोलून दाखवलं की बहुतेक नोटिशींना उत्तरच जात नाही आणि गेलं तर ते गोलमाल असतं. प्रत्येक सरकारने उत्तराची जबाबदारी असलेला अधिकारी नेमावा असा आदेशही दिला. सामान्य माणसाने दोन महिने पूर्ण व्हायच्या आत दावा लावला तर तो फेटाळला जाऊ शकतो. सरकारने दोन महिने झोप काढली तर मात्र फारसं काही बिघडत नाही. वेळ पाळण्याची सक्ती एकालाच असेल तर त्याला संवाद कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल, नोटीस हे बलवानांचंच हत्यार आहे. वकील परवडतो तोच पाठवतो. यात तथ्य आहे, आणि वर सांगितलेली पीडीएफ हा त्याचाच पुरावा. पण म्हणून हत्यार त्यांच्याच हातात ठेवायचं का? प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. केस दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत 'दाखलपूर्व प्रकरण' म्हणून वाद मिटवता येतो. आमच्या हॉस्टेलमधल्या सगळ्या मुली या यादीत बसतात, आणि मी विचारलेल्यांपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. (हीही एक नोटीसच समजा!) फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्समध्ये आपण कुठल्याशा काल्पनिक मॅनेजरला तक्रारीचं इंग्रजी पत्र लिहितो. त्याऐवजी एकदा खरं पत्र लिहायला शिकवा, मराठीतही. कोण, कुणाला, काय घडलं, कोणत्या तारखेला, किती रक्कम, काय हवं, किती दिवसांत. भावना नको, विशेषणं नको, जे सिद्ध करता येत नाही ते नको. प्रत आपल्याकडे, पोचपावती जपून. आणि एक सावधगिरी: नोटीस पाठवली म्हणून दाव्याची मुदत आपोआप थांबत नाही. कायद्यानेच सक्तीची असलेली नोटीस असेल तर तिचा काळ मुदतीतून वगळतात, बाकी घड्याळ चालूच राहतं. सिव्हिलवाल्यांनी तर हे खास शिकावं. उद्या साइटवर तुमच्या काँक्रीटइतकीच तुमच्या पत्रांची ताकद तपासली जाणार आहे.

आणि ऑफिसातल्या व स्टाफमधल्या मान्यवरांना आदरपूर्वक एक विनंती. आम्ही मेस डिपॉझिटचा अर्ज घेऊन येतो, प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागतो, तेव्हा "काय, केस करणार का आमच्यावर?" असं हसत विचारलं जातं. नाही हो, केस करायची नाहीये. केस करावी लागू नये म्हणूनच तर शिक्का हवाय. अर्ज मिळाला, अमुक दिवसांत कळवतो, किंवा नाही जमणार आणि का, एवढं लिहून दिलंत की अर्धी नाराजी तिथेच संपते. ज्याला विशीत आपल्या कॉलेजकडून लेखी उत्तर मिळालंय, तो चाळिशीत खुर्चीवर बसल्यावर दुसऱ्याला उत्तर देईल. ज्याला "नंतर या" मिळालंय, तो पुढे तेच वाटेल.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, मान्य. पण ती चढावी लागू नये म्हणून त्याला लिहिता आलं पाहिजे, आणि आलेलं पाकीट घ्यायचं धाडस पाहिजे.

उत्तराची मुदत : पुढच्या अंकापर्यंत.

— तृतीय वर्ष, सिव्हिल